वाडीचा ढोल कुणी फोडला

दुसऱ्याच्या घरात शिरताना माणसानं निदान खाकरावं. मोहनराव खाकरत नाही. चपला उंबऱ्याबाहेर काढत नाही. तडक आत येतो, बाजेवर बूड टेकवतो, आणि टेकवल्यावर विचारतो, "बसू का काकू?" माझ्या चुलत दिराचा हा लेक. शेंबूड पुसायची अक्कल नव्हती तेव्हापासून याला बघत आले. शेंबूड तेवढा गेला.

पंधरा वर्षं त्यानं माझ्या अंगणात पाय ठेवला नव्हता. वाटेत गाठ पडली तर मोबाइल कानाला लावून पुढं जायचा, पलीकडं कुणी असो नसो. आणि यंदा बिरोबाच्या यात्रेला आठ दिवस राहिले तेव्हा शाल-नारळ घेऊन हजर. माझा लेक अंगद मेंढरांना पाला टाकत होता. तो हात झटकत आला आणि चुलत भावाला बघून दारातच उभा राहिला.

मोहनरावनं मोबाइल माझ्यापुढं धरला. तेलगावच्या चौकात लावलेल्या बॅनरचा फोटो होता. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली बाई, अक्षर लावून लावून वाचते. 'आमच्या वाडीची लेक, जगात गाजलेली रॉकस्टार योगिता, बिरोबाच्या यात्रेत. निमंत्रक मोहनराव.' माझी नात, अंगदची लेक, कोपऱ्यात, चिंचोक्याएवढी. मधोमध हा, हात जोडून, कपाळभर भंडारा फासून.

"तिला इचारलंस का?" मी म्हणलं.

"तिला काय इचारायचं काकू. घरची पोर हाय."

"घरची कवापासून झाली?"

"जुनं कावून उकरता?" असं म्हणून तो हसला. दात लई चांगले बसवून घेतलेत त्यानं.

तो ज्याला जुनं म्हणतो ते काय, ते आधी सांगते.

आमच्या वाडीत माघी पुनवेला बिरोबाची यात्रा भरते. पालखी निघायच्या आधी ढोलावर पहिली थाप पडते, आणि ती ज्या घरची, त्या घराचा मान. तो मान माझ्या सासऱ्याचा होता, मग मालकाचा, मग अंगदचा. अंगदची थाप पडल्याबिगर पालखी जागची हलत नव्हती. पण थाप मारायच्या आधी ढोल तापवावा लागतो. माघात दव पडतं, चामडं ओल धरतं, सैल पडतं. मग पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, ढोल जाळापुढं आडवा धरून फिरवत राहायचा आणि मधून मधून बोटानं टिचकी मारून ऐकायचं. आवाज भद्द येतो तोवर कच्चं. टणक यायला लागला म्हणजे झालं. आणि सुईसारखा बारीक आवाज आला की त्याच घटकेला ढोल मागं घ्यायचा, न्हाईतर फाटलंच समजा. हे डोळ्याला दिसत नाही. त्याला कान लागतो, आणि आमच्या घरात तो कान योगिताचा होता. अकरा वर्षांची होती ती. थाप मारायला आमच्यात बाईमाणूस चालत नाही. तापवायला चालतं. जाळापाशी बसून धूर खायचा असला की देवाची काही हरकत नसते.

त्या वर्षी मोहनराव यात्रा कमिटीत नवा नवा आलेला. कुणीतरी पुढारी यायचा होता, त्याला पुढं दुसऱ्या गावी जायची घाई, म्हणून याला त्याच्यापेक्षा जास्त घाई. अंगद अंघोळीला गेलता. पोरगी एकटीच ढोल फिरवत बसलेली. मी दहा हातांवर लिंबाखाली नैवेद्याचं पातेलं घेऊन उभी होते.

"किती येळ गं?" मोहनराव म्हणाला.

"थोडा थांबा तात्या."

थांबेल तो मोहनराव कसला. त्यानं रॉकेलची बाटली जाळावर उपडी केली आणि ढोल आत लोटला. पायानं लोटला. पोरीनं टिचकी मारली आणि म्हणाली, "तात्या, बारीक बोलायलंय, मागं घ्या." "तुला काय कळतं गं," म्हणाला. तेवढ्यात चामडं फाटलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

माणसं धावली. मोहनरावनं एकदा चौफेर बघितलं आणि पोरीकडं बोट केलं. "हिनं जाळात ढकलला."

मी होते तिथून ओरडून सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. त्रिंबक आण्णा तेव्हा पंच होते. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या कुणी बघितलं का?" दुसऱ्यांनी बघितलं होतं, पण पुढारी यायची वेळ झालती आणि मोहनरावचा हात त्याच्या खांद्यापर्यंत पोचत होता. आजी नातीसाठी खोटं बोलणारच, एवढं शहाणपण पंचांकडं होतं. पोरीचा हात लागला म्हणून ढोल फुटला, असं ठरलं. मान आमच्या घरातून निघाला आणि चालत चालत मोहनरावच्या घरी गेला. दंडाचा बोकड तेवढा आमच्या दावणीचा.

अंगद ओल्या अंगानं आला. काय झालं ते त्यानं विचारलं नाही. सगळ्यांदेखत पोरीच्या थोबाडीत मारली. का मारली ते मला ठाऊक आहे. तिथल्या तिथं मिटावं म्हणून. मिटलं नाही. पोरगी रडली नाही, फाटलेल्या चामड्याकडं बघत बसली. मी देवापुढचा भंडारा मुठीत घेतला आणि मोहनरावला म्हणलं, ज्या तोंडानं हे बोललास त्याच तोंडानं, याच जागेवर, चारचौघांत खरं बोलशील. लोक हसले. आता मी सत्त्याहत्तरची आहे. हसणाऱ्यांतले बरेच गेले.

योगितानं त्यानंतर ढोलाला हात लावला नाही. तिची शाळा तेलगावात. सुटली की जीप भरेपर्यंत ती वाहेद मिस्तरीच्या दुकानात बसायची. वाहेद ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगर, गेट बनवतो. त्याची बायको अकबरी माझी जुनी मैत्रीण, बाजाराच्या दिवशी मी तिच्या ओट्यावर घोंगड्या मांडायची. तिथं पोरीला चाळा लागला. दिसेल त्या लोखंडाला टिचकी. एक दिवस ट्रॉलीचा जोड वाजवून म्हणाली, "चाचा, ह्यो कच्चा हाय."

वाहेद चिडला. तीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्याला मेंढक्याची पोर शिकवायली म्हणल्यावर कुणीही चिडेल. पण त्यानं घण उचलला आणि एक ठेवून दिला. जोड उकलला. संध्याकाळी मी पोरीला न्यायला गेले तर हा कपाळ धरून बसलेला. "दगडाबाई," म्हणाला, "हमना तो बस आँखां हैं. ये छोकरी को कान हैं."

दहावीनंतर तिला अंबाजोगाईच्या आयटीआयला घालायला त्यानंच लावलं. वेल्डरच्या वर्गात एकटी पोरगी. अंगद नको म्हणत होता, लोक काय म्हणतील म्हणत होता. मी म्हणलं, "लोकांसाठी तू एकदा हिच्यावर हात उचललास. आता गप बस." तो गप बसला. चांगला माणूस आहे माझा अंगद, पण त्याला आधी गप बसवावं लागतं.

तिथून ती पुण्याकडं एका कंपनीत लागली. पत्रा दाबून गाडीचे दरवाजे काढायचं मशीन होतं. फोनवर सांगायची, "आजी, हे मशीन आठ तास एकच ताल धरतंय, आन् दीडशे माणसांत एकजण ऐकायला न्हाई." तिथलेच दोघं तिला मिळाले, एक गिटार वाजवणारा, एक कॉम्प्युटरवर आवाज जोडणारा. सुट्टीच्या दिवशी भंगारातून पत्रे, साखळ्या, पिंपं, पाइप आणायचे आणि भाड्याच्या गाळ्यात ठोकत बसायचे. शेजारच्यांनी दोनदा पोलीस बोलावले. या प्रकाराला इंडस्ट्रियल रॉक म्हणतात. बँडचं नाव ठेवलं घण. वाहेदला ते कळलं तेव्हा त्यानं दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला.

मला पहिल्यांदा त्यांचं गाणं वाहेदच्या पोरानं, फैजाननं, मोबाइलवर लावून दिलं. मला वाटलं गिरणीचा पट्टा तुटला. मग मधेच योगिता ओरडायला लागली, घशाच्या तळातून, रेडा अडकल्यासारखी.

"फैजान, कुणी मारायलंय का रे तिला?"

"न्हाई दादी, गायलीय."

"असं असतंय व्हय गाणं? काय म्हणायली?"

"थांबा, आता येतंय बघा."

सगळा गोंगाट एकदम थांबला. आणि एक टिचकी वाजली. भद्द. थोड्या वेळानं दुसरी, जरा टणक. मग तिसरी, चौथी, आणि मग सुईसारखी बारीक. त्यानंतर पत्रा फाटल्याचा आवाज आला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि पोरगी तेच तेच विचारायला लागली, शब्द दाताखाली चावत. मला काही उमजेना. फैजाननं सांगितलं, "कुणी फोडला, कुणी फोडला, ढोल कुणी फोडला. बस, इतनाच है दादी. जवाब नहीं है गाने में."

मी ते तीनदा लावायला लावलं.

बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये त्यांनी त्या गाण्याचा व्हिडिओ काढला आणि ते वणव्यासारखं पसरलं. ज्या पोरांची भरतीची परीक्षा पेपर फुटून रद्द झालती, त्यांना वाटलं हे आपलंच गाणं. कॉलेजची पोरं मोटारसायकलवरून एकमेकांना हाक मारायची, "कुणी फोडला बे?" मग पुणे झालं, बंगळूर झालं, दिल्ली झाली. पेपरात फोटो आला. जर्मनीला जाऊन एका जुन्या कारखान्यात वाजवून आली, तिथले गोरे म्हणे रडले. परत आली तर केस एका अंगानं भादरलेले आणि भुवईत तार. मी म्हणलं, "अगं, मेंढी तरी दोन्ही अंगानं कातरतेत." ती म्हणाली, "पैसे तेवढेच होते आजी." ते खोटं होतं, पण मी हसले.

वाडीतल्या म्हाताऱ्यांना हे गाणं ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तो पत्रा ठोकल्याचा गोंगाट. मोहनरावला गाण्याचे आकडे ठाऊक होते. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, तात्या, कोटीच्या घरात गेलंय. आकडे बघितल्यावर गाणं ऐकायची गरज असते असं त्याला वाटलं नाही. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलती, तरणी पोरं हातात पाहिजे होती. म्हणून शाल, म्हणून नारळ, म्हणून माझ्या बाजेवर त्याचं बूड.

"उकरत न्हाई मी," मी त्याला म्हणलं. "ते बुजलंच न्हाई कधी. पोरगी येईल. तू एक काम कर. पालखीपुढं उभा राहा आन् म्हण, मी फोडला. दोन शब्द. मग तिला खांद्यावर घेऊन नाच."

"काकू, कुणाच्या ध्यानात हाय ते?"

"ध्यानात न्हाई तर सांगायला तुझं काय जातंय?"

माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही हे बघून तो अंगदकडं वळला. "अंगद, मान तुमच्या घरी परत. यंदाची पहिली थाप तुझी. कमिटीचं मी बघतो."

अंगद दारातच टेकला होता, हात मांडीवर. बोटं आपोआप हलली. पंधरा वर्षांत मी ती हललेली बघितली नव्हती. "आई," तो हळूच म्हणाला, "देतोय तर घेऊ की."

"आन् पोरीवर जो आळ आला तो?"

"पोरगी मोठी झाली आई. तिला काय त्याचं."

"मला हाय," मी म्हणलं. आणि मोहनरावला म्हणलं, "मान तुझ्याकडंच राहू दे. तू खरं बोल."

हे त्याला कळलंच नाही. मान चोरून मिळवलेल्या माणसाला वाटतं सगळ्या जगाला तोच पाहिजे. तो उठला, धोतराचा सोगा झटकला. "बॅनर लागलेत काकू. पोरगी आली न्हाई तर लोक म्हणतील, जर्मनी बघून आली, आता वाडी दिसत न्हाई तिला."

मी त्याच्याकडं बघत राहिले. या माणसानं चौकाचौकात स्वतःच्या फोटोखाली स्वतःचीच चौकशी लावून घेतली होती, आणि त्याला पत्ता नव्हता. एवढं फुकट कुणी कुणाला देत नाही.

"येईल ती," मी म्हणलं. "शाल ठेवून जा."

त्याला वाटलं शाल लागू पडली. जाताना पाया पडला.

योगिताला मी फोन लावला. ती आधी सरळ नाही म्हणाली. "तिथं मी पाय ठेवणार न्हाई आजी."

"ठेव. आन् ते गाणं म्हण. शेवटी म्हण."

मागं कुठंतरी ग्राइंडर चालू होता, तो तिनं बंद करायला लावला. "ते गाणं मी सुटायसाठी केलं. तू मला परत जाळापाशी बसवायलीस."

"हो," मी म्हणलं. खोटं कशाला बोलू.

"तुझ्या भांडणासाठी न्हाई केलं ते."

"भांडण माझं कसं? थोबाडीत तुझ्या बसली."

"ती बाबानं मारलती, मोहनतात्यानं न्हाई."

अंगद समोरच ताटावर बसलेला होता. फोनमधला आवाज मोठा येतो माझ्या. त्यानं भाकरी मोडायची थांबवली, मग पुन्हा मोडायला लागला.

"गाईन," शेवटी योगिता म्हणाली. "पण नाव घेणार न्हाई. गाण्यात नाव न्हाई आन् मी घालणार न्हाई. पुढचं तू बघ."

"मला तेवढंच पायजे."

यात्रेच्या सकाळी मी देवळात गेले. भंडारा वाहिला आणि देवाला स्पष्ट सांगितलं, तुझ्या दारात आज मी धिंगाणा घालणार हाय. राग आला तर माझ्यावर काढ, पोरीवर काढू नको. बाहेर पहिली थाप पडली. मोहनरावच्या थोरल्यानं मारली. त्यांनी आता ढोलाला प्लास्टिकचं पान बसवलंय, नटबोल्ट आवळले की झालं, तापवायची कटकट नाही. आवाज बादलीवर मारल्यासारखा येतो. पालखी त्यावरही हलली. देवाचा नाइलाज असावा.

चार वाजता माळावर कार्यक्रम. एवढी माणसं मी त्या माळावर कधी बघितली नव्हती. घाटनांदूर, युसूफ वडगाव, धारूर, माजलगाव, कुठून कुठून पोरं आलती. वाहेदनं ट्रॉलीचं एक फाळकं, नांगराचे फाळ आणि चार पिंपं टेम्पोत घालून आणलती, अकबरी पुढं बसून आली. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर वाडीचे म्हातारे, मधे त्रिंबक आण्णा, आता नव्वदीला टेकलेले. स्टेजवर एका कडेला मला खुर्ची, सत्कारमूर्ती म्हणून. पलीकडच्या खुर्चीवर मोहनराव, गळ्यात हार, हातात कमिटीचा माइक. अंगद स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभा.

योगिता आली. काळी पँट, वेल्डरचा चामडी एप्रन, हातात घण. मला बघून मान हलवली, मोहनरावकडं बघितलं नाही. पहिला घण फाळक्यावर पडला तो मला छातीच्या हाडात लागला. पुढच्या रांगेत सगळ्यांची बोटं कानात. ग्राइंडरच्या ठिणग्या भर उन्हात दिसत होत्या. पोरं उड्या मारायली, माळाची धूळ उठली. मोहनराव बोटानं खुर्चीवर ताल धरायचा प्रयत्न करत होता आणि त्याला तो सापडत नव्हता.

चार गाणी झाली. मग तिनं घण खाली ठेवला आणि एक पिंप आडवं केलं. त्याच्या तोंडावर पातळ पत्रा बांधलेला होता. ती गुडघ्यावर बसली. बोटानं टिचकी मारली. भद्द.

पोरं ओळखून ओरडली. मी पोरांकडं बघत नव्हते, पुढच्या रांगेकडं बघत होते. दुसरी टिचकी, टणक. त्रिंबक आण्णांनी कानातलं बोट काढलं. तिसरी. शेजारच्या दोघांनी काढलं. ज्या माणसांनी सगळी हयात जाळापाशी काढली, त्यांना हा आवाज कसला ते सांगावं लागत नाही. बारीक टिचकी आली तेव्हा आण्णा खुर्चीत पुढं झुकले, मागं घ्या म्हणावं तसा त्यांचा हात उचलला गेला. आणि योगितानं तो पत्रा टरकावला.

"कुणी फोडला?" ती म्हणाली.

"कुणी फोडला?" अख्खा माळ म्हणाला.

आता मोहनरावची अक्कल बघा. त्याला वाटलं आली संधी. तो उठला, हार सावरला, स्टेजच्या मधोमध आला, माइक तोंडाला लावला आणि हात वर करून सगळ्यांच्या वरताण ओरडला, "कुणी फोडला?" पोरांनी शिट्ट्या मारल्या. तो खूश झाला. आणखी एकदा ओरडला.

त्रिंबक आण्णा काठी टेकत उभे राहिले. योगिताकडं नाही, मोहनरावकडं बघत; एवढा कान असलेली पोर ढोल जाळात ढकलणार नाही, हे त्यांना आता कळलं. त्यांच्या डावीकडचा म्हातारा वळला, उजवीकडचा वळला. मागच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून कुजबुजायल्या. एका पोरानं आजाला विचारलं, काय झालं. ढोल फाटला तेव्हा काय बघितलं होतं ते आजानं त्याच्या कानात सांगितलं. त्यानं मागच्याला सांगितलं. ज्वारीच्या रानात वारं शिरावं तशी मुंडकी वाकत वाकत गेली, पुढून मागं, पार टेम्पोंपर्यंत. आणि मग विचारणं तेच राहिलं, पण हात उचलले गेले. हजार बोटं, एकाच माणसाकडं.

"कुणी फोडला?"

मोहनरावचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं त्याला सुचेना. मग घेतला. योगिता मान खाली घालून वाजवत होती, तिनं एकदाही वर बघितलं नाही.

तो माझ्या खुर्चीपाशी आला, वाकला. घामानं भंडारा नाकावर उतरला होता. "काकू, बंद करायला लावा."

"तूच कर की. माइक तुझ्याच हातात हाय."

त्यानं माइकवर पंजा दाबला. "मान देतो. लिहून देतो, कायमचा. अंगदला कमिटीचा अध्यक्ष करतो. पाया पडतो तुमच्या. ते दोन शब्द सोडून काय बी मागा."

अंगद पायरी चढून वर आलता. त्यानं ऐकलं. त्यानं माझ्याकडं जसं बघितलं तसं लहानपणी ताटाकडं बघायचा, दुष्काळात. माझ्या एका 'हो'वर माझ्या लेकाला त्याचं सगळं परत मिळत होतं. आपल्या पोराच्या तोंडचा घास मी काढून घेतला, हे मला कुणी सांगायला नको. तो पुढं किती दिवस माझ्याशी बोलणार नाही, तेही मला तिथंच दिसलं.

मी उठले. शाल खुर्चीवर राहिली. मला हळू बोलता येत नाही आणि त्या दिवशी मी प्रयत्नही केला नाही. पुढच्या चार रांगांनी ऐकलं.

"मोहनराव, मान मला नगं, आन् माफी तुला न्हाई. आठ दिवसांमागं दोन शब्द मागितलते, तेवढ्यात सुटला असतास. तुला ते जड झाले. आता ह्यो सवाल तुझा, हयातभर. मत मागायला जाशील, दारातलं पोरगं इचारील. लेकाचं लगीन काढशील, मांडवातले पावणे इचारतील. पारावर बसशील तर मेंढरामागची पोरं लांबून इचारून पळून जातील, आन् तुला त्यांच्यामागं पळता बी यायचं न्हाई. आता खरं बोललास तरी या आवाजात कुणाला ऐकू जायचं न्हाई. बस खाली. गाणं संपंस्तवर उठायचं न्हाई."